तिसऱ्या कलमाचा जबाब

रिठद, माघ वद्य पंचमी,
सन १९३२

प्रिय जगदेव,

तुला आणि अंजनाला आशीर्वाद, कस्तुराला पापा. तू वादी आणि मी प्रतिवादी. अशा दोघांनी एकमेकांना पत्र लिहू नये, असं माझ्या वकिलांनी, बापूरावांनी, मला दोनदा बजावलं आहे. पण मी कोणाचं ऐकलं आहे कधी? तुझी माय म्हणतेच, या गिरजाले एक सांगावं तर हे दुसरंच करून राह्यते. लग्न करून या घरात आले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. ज्याचं नाक मी पदरानं पुसलं त्याला भाऊजी म्हणताना मला हसू फुटायचं, म्हणून तू जगदेवच राहिलास. कोर्टाच्या कागदात मात्र तू ‘जगदेव वल्द जानराव माळी, वय वर्षे २८, धंदा नोकरी, राहणार अकोला’ आहेस. ते वाचून मी घटकाभर बघतच राहिले. एवढा मोठा कधी झालास रे?

तुझा दावा मला पोचला तो पौषात. विहिरीजवळच्या मेथीत मी निंदत होते आणि आपला गडी लखमा मोट हाकत होता. धुऱ्यावरून पट्टेवाला चपराशी येताना दिसला तशी लखमानं बैलं जागच्या जागी थांबवली, अर्धी भरलेली मोट तशीच विहिरीत लोंबत राहिली. “गिरजाबाई बेवा शालिकराम कोन हाये इथं?” चपराशानं विचारलं. मी उठले. त्यानं शाईची डबी पुढं केली आणि म्हणाला, “आंगठा द्या, बाई.” मी दांडातल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि म्हटलं, “सही करतो म्या.” त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि खिशातून टाक काढून दिला. मी सही केली. ‘गिरजाबाई’ची पाचही अक्षरं ओळीत आली.

ती अक्षरं कोणाची, हे तुला सांगायला नको. शाळेतून आलास की दप्तर चिंचेला टांगायचास आणि मी ओल्या वाफ्याला हात फिरवून सपाट केला की बाभळीच्या काडीनं त्यात अक्षर काढायचास. तिकडे दांडातून पाणी सरकत यायचं. पाणी वाफ्यात शिरायच्या आत अक्षर पाठ झालं पाहिजे, नाहीतर वयनी ढ, असा तुझा कायदा. तुझा मास्तरही एवढा कडक नसेल. ‘ग’ पाण्यात विरघळताना मी कितीदा पाहिला असेल! सासरच्या सुनेनं पाटी-लेखण हातात घेतली असती तर गावानं तोंडाला पदर लावला असता. पण वाफ्यात वाकलेल्या बाईला कोण विचारतो? पुढं दर श्रावणात बाया माझ्याकडून पोथी वाचून घेऊ लागल्या, त्यामुळं ही लिहायची भाषाही आली. सांगायचं म्हणजे, तू माझ्यावर लावलेला दावा मी तूच शिकवलेल्या अक्षरांनी वाचला. त्या दिवशी मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसून मला याचंच नवल वाटत होतं. राग नंतर आला.

समन्सात लिहिलं होतं, अमुक तारखेस हजर राहून तुमचे काय म्हणणे असेल ते मांडावे. न आल्यास तुमच्या पाठीमागे निकाल होईल. गाव दुसऱ्या वाक्याला भ्यालं. जो येई तो म्हणे, बाई, मळा गेला समज. मी मात्र पहिलंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते. ‘तुमचे काय म्हणणे असेल ते.’ अकरा वर्षांची होते तेव्हा लग्न ठरलं, मला कोणी विचारलं नाही. कोणता वाफा मिरचीला आणि कोणता कांद्याला, हेही नाही. तुझे दादा गेले तेव्हा माझे केस राहू द्यायचे की काढायचे, यावर ओसरीवर चार बाप्ये बोलत बसले. मी आत होते. आणि आता एवढं मोठं सरकार, ज्याचा शिक्का माझ्या तळहातात मावत नाही, ते रिठदच्या एका माळणीला लेखी विचारतं आहे की बाई, तुझं म्हणणं काय. आणि मी सांगेपर्यंत थांबायला तयार आहे. खरं सांगते जगदेव, माझ्या अंगावर काटा आला.

मायला आता दिसत नाही. तिनं बोटांनी शिक्का चाचपला आणि सरकारचा कागद घरी आला म्हणून हळदकुंकू लावून देवापाशी ठेवला. मला सांगवेना. दुसऱ्या दिवशी सांगितलं की तो जगदेवाचा दावा आहे, त्यात मळा मागितला आहे, आणि मी फडकं ओलं करून कुंकू पुसायला लागले. तिनं माझा हात धरला. म्हणाली, “माह्या पोराच्या नावाचा कागद हाये ना? मंग कुंकू कायले पुसतं?” म्हणून कागद तसाच हळदकुंकवासकट वाशीमला गेला. बापूरावांचा कारकून गालात हसला. बापूराव हसले नाहीत. त्यांनी तो दोन बोटांनी नीट धरला आणि म्हणाले, असा समन्स तीस वर्षांत पाहिला नाही.

दाव्याची नक्कल समन्सालाच जोडलेली होती. त्यातल्या चतुःसीमा वाचताना तर मी थक्क झाले. पूर्वेस नाला, पश्चिमेस गावाकडची वाट, उत्तरेस देवस्थानचे शेत, दक्षिणेस वहिवाटीचा धुरा. आत पक्की विहीर एक, चिंचेचे झाड एक, कवठाचे झाड एक, फुटका दगडी डोण एक. ज्या मळ्यात मी तेवीस वर्षं वाकले, तो असा चार ओळींत उचलून कोणी कागदावर ठेवील, हे मला ठाऊक नव्हतं. आणि फुटका डोण! गुरं पाणी प्यायची तो तर मीही विसरले होते, वेलाखाली गेला आहे. अकोल्याच्या जिनात कापसाच्या धुराळ्यात बसून तुला तो डोण आठवला. वकिलानं कारकुनाला सांगून घातला, असं म्हणू नकोस. डोण तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे? मला समजलं, तू रोज इथं येऊन जातोस.

पहिल्या तारखेला लखमानं बंडी जुंपली आणि पहाटेच निघालो. तू आला नव्हतास, तुझा वकील होता. मी दारापाशी पायरीवर बसले. मग पुकारा झाला. “गिरजाबाई बेवा शालिकराम हाजिर हाये?” एकदा, दोनदा, तीनदा. लग्नानंतर इतक्या मोठ्यानं माझं नाव कोणी घेतलं नव्हतं. मी वयनी होते, शालिकरामची बायको होते, काकू होते. मी पदर सावरून उठले. आत गेले तर जज्जसाहेब चष्म्यातून बघत होते आणि त्यांनी मलाच विचारलं, जबाब द्यायला किती मुदत पाहिजे? बापूराव बोलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, “वांगे तोडून होईलोक मुदत द्या, साहेब.” सगळं कोर्ट हसलं. साहेबही हसले, आणि बापूरावांना विचारलं, वांगी कधी होतात? माघ वद्याची तारीख पडली. जगदेव, मी खोटं सांगत नाही, आपल्या वांग्यांच्या तोडणीप्रमाणे सरकारनं तारीख दिली! परतताना बालाजीच्या देवळापुढं बंडी थांबवली, पण हात जोडताना माझ्या डोळ्यांपुढं चष्माच येत होता. देवानं रागावू नये.

मग बापूराव जबाब तयार करायला बसले. त्यांची रीत मोठी नवलाची. तुझ्या दाव्यात सात कलमं. ते एकेक वाचणार आणि मी म्हणायचं, कबूल किंवा नाकबूल. मी म्हटलं, एखाद्यावर काहीच बोलले नाही तर? बापूरावांनी चष्मा काढला. म्हणाले, बाई, इथं मुकाट राहणाऱ्याचा कायदा एकच अर्थ घेतो. जे नाकारलं नाही ते कबूल केलं. तो बाईमाणसाचा विनय आहे, की दुःख आहे, की कोणाला दिलेलं वचन आहे, हे कायदा बघत नाही.

माझ्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. सहा वर्षं जे मला समजलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मी मुकाट राहिले होते. तू ते कबुली म्हणून घेतलंस.

पहिलं कलम, आपण माळी, रिठदचे, कबूल. दुसरं, मळा तुमच्या बापाचा, कबूल. मग तिसरं आलं. ‘वादी व मयत शालिकराम हे सख्खे भाऊ असून ते कधीही विभक्त झाले नाहीत, शालिकराम अविभक्त असताच मयत झाला.’ बापूरावांनी हात चोळले. म्हणाले, हेच तुमच्या दिराचं मर्म आहे. भाऊ एकत्र असतील तर सगळा मळा मागं उरलेल्या भावाचा. विधवेला अन्नवस्त्र, बस. वेगळे झाले असतील तर अर्धा मळा आणि विहिरीचं अर्धं पाणी तुमच्या हयातीपुरतं तुमचं, कोणी उठवू शकत नाही. आणि तुम्ही तर वेगळे झालाच होता! चूल वेगळी झाली, सगळ्या रिठदनं पाहिली. सहा साक्षीदार मी उद्या उभे करतो. मी भोळेपणानं बोलून गेले की बीसुद्धा वाटलं होतं, अंजनाच्या वाट्याचं वांग्याचं बी मी अजून वेगळ्या वाफ्यात पेरते. ते तर खुर्चीतून उठलेच. वेगळी चूल, वेगळं बी, वेगळा वाफा! बाई, तुम्ही दावा जिंकलात.

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

आता तुला जे सांगायचं ते इथून पुढं आहे. अंजनाला जवळ बसव आणि मोठ्यानं वाच.

कस्तुरा सव्वा महिन्याची होती ते वर्ष आठव. दादा मोट हाकताना थांबून थांबून खोकायचे, आपण म्हणायचो, थंडी बाधली. एक दिवस मी दांड वळवायला गेले तर पाण्यात लाल तार होती. ती वाफ्याकडे चालली होती. मी धावत जाऊन फावड्यानं दांड फोडला आणि ते पाणी नाल्याला सोडलं. वर पाहिलं तर तुझे दादा थारोळ्याला टेकून बसले होते, ओठ पुसत होते. वाशीमच्या डॉक्टरानं क्षय म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनी ते महिनाभर पोटात ठेवलं होतं. त्यांनी माझा हात ओढून विहिरीच्या काठावर ठेवला आणि शपथ घातली. म्हणाले, “क्षयवाल्याच्या मळ्याची भाजी कोन घेईन, गिरजे? बाजारात समजलं तर दोन्ही घरं उपाशी मरतीन.” ते मला पटलं. पण मी म्हटलं, जगदेवाला तरी सांगू. तर म्हणाले, “त्याले तर मुळीच नाही. त्याले सांगशीन तर तो मह्या उशाखालून हलणार नाही. मह्या ताटात जेवीन, अन् तेच हात पोरीले लावीन. त्याले तोड. कशीबी तोड, पन दूर कर.”

तुला प्रेमानं दूर करता येणं शक्य नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून मी भांडण काढलं. आठवतं, कशावरून? अंजनानं भाजीत तेल जास्त घातलं यावरून! बाळंतिणीला मी तेलावरून बोलले, तेही पाण्याला आलेल्या बायांसमोर, म्हणजे दिवस मावळायच्या आत गावभर व्हावं. अंजना रडली. मी कोठ्यात माती कालवून तिच्यासाठी दुसरी चूल घातली, मायचं ताट तिकडं दिलं आणि वाळक्या दुधी भोपळ्यात राख घालून ठेवलेलं वांग्याचं बी ओंजळीनं मोजून अर्धं तिच्या पदरात टाकलं, कारण आपल्या लोकांत बी वाटलं की मग कोणी समजूत घालायला येत नाही. तू दारात उभा होतास, हातात दुधाचा गंज घेऊन. मला वाटलं, आता विचारशील, “काहून, वयनी?” तेवढा एक शब्द विचारला असतास तर माझी शपथ तिथंच गळून पडली असती. तू विचारलं नाहीस. गंज उंबऱ्यावर ठेवलास आणि गेलास. दोन महिन्यांत बिऱ्हाड अकोल्याला हललं. बी अंजनानं कोनाड्यात तसंच ठेवलं होतं. दादा गेले तेव्हा आलास, डोकं केलंस, तेराव्याला परत गेलास. गावाला आम्ही ताप सांगितला होता. तुलाही तापच समजला.

दादा अखेरपर्यंत रोज विचारायचे, पोर कशी आहे. अकोल्याहून येणाऱ्याजाणाऱ्याकडून बातमी यायची की रांगते, उभी राहते, बोलते. ऐकलं की भिंतीकडे तोंड करून हसायचे. एवढ्या मोठ्या माणसानं आपल्या भावाचा राग औषधासारखा गिळला आणि वर हसला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. मी त्यांची बायको होते, तरी तो माणूस मला पुरता कळला असं म्हणवत नाही. आणि त्यांचं ताट, त्यांची वाटी, त्यांची कूस, सगळं माझ्याकडं असून मला काही झालं नाही, यापुढं तर माझी मतीच चालत नाही.

बी मात्र जुनं झालं की मरतं. दोन-तीन वर्षं नाही पेरलं तर उगवत नाही. आपलं ते पांढऱ्या पट्ट्यांचं काटेरी वांगं मायच्या सासूपासूनचं. म्हणून अंजनाच्या वाट्याचं मी दरसाल विहिरीच्या पश्चिमेच्या वाफ्यात वेगळं लावते, पहिली फळं झाडावरच पिवळी होऊ देते, बी काढते, राखेत घालते. तिची दुधी माझ्या दुधीशेजारीच टांगलेली आहे. बापूराव म्हणतात, हा वाटणीचा पुरावा. कायदा मोठा आहे रे, त्याच्यापुढं माझी मान खाली आहे. पण त्या वाफ्याचं त्याला काही कळलं नाही. वाटणी झालेल्या बाईचं बी कोणी सहा वर्षं जगवतं का?

काल मी वाशीमला जाऊन सांगितलं. तिसरं कलम कबूल. बापूरावांनी टाक खाली ठेवला. मग म्हणाले, बाई, तुम्हाला समजतं ना, या एका शब्दानं मळा जातो? मी म्हटलं, समजते. त्यांनी विचारलं, मग का? मी त्यांना कारण सांगितलं नाही, ते त्यांचं नव्हतं. पण तुला सांगते. जबाबाच्या खाली लिहायचं असतं की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि त्याखाली सही. चिखलात शिकलेली ती पाच अक्षरं मी खोट्याखाली कशी लिहू? आणि दुसरं म्हणजे, तुझ्या वकिलानं ते वाक्य मळ्यासाठी घातलं असेल. मी ते वाचलं तेव्हा पदर तोंडात घालून रडले. मी तुला चुलीवरून उठवलं, बी वाटलं, तुला कारण सांगितलं नाही, आणि तरी सहा वर्षांनी तू सरकारी कागदावर लिहून दिलंस की आपण कधीही विभक्त झालो नाही. ते मी नाकबूल म्हणू? सगळ्या जन्मात माझ्याबद्दल एवढं खरं कोणी लिहिलं नाही.

मंगळवारी तो जबाब कोर्टात वाचला जाईल. तिथं फक्त ‘कलम तीन कबूल’ एवढंच ऐकू येईल आणि तुला वाटेल, वहिनी हरली किंवा भ्याली. तसं वाटू नये, म्हणून हे पत्र मंगळवारच्या आधी पोचावं असं धाडते आहे. कोर्टानं जे विचारलं त्याचा जबाब मी कोर्टात दिला. तू दारात उभा राहून जे विचारलं नाहीस त्याचा जबाब हा आहे. विहिरीची शपथ मोडली; कस्तुरा सहा वर्षांची धडधाकट आहे, दादा मला माफ करतील. मळा तुझा आहे, तो घे. पण ताबा घ्यायला पट्टेवाला पाठवू नकोस, स्वतः ये, आणि अंजनाला, पोरीला घेऊन ये. पश्चिमेच्या वाफ्यातली वांगी झाडावर पिवळी झाली आहेत, यंदाचं बी अंजनानं तिच्या हातानं काढावं. कोठ्यातली ती दुसरी चूल तुम्ही गेलात त्याच दिवशी मी मोडली होती. घरात चूल एकच आहे.

तुझीच,
गिरजा वहिनी